रानपारव्यांच्या दिवसांत पंधरा माणसं

मोंताराक, ८ सप्टेंबर १९६३

दादा,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने ते लाकडाच्या गिरणीतच आणून दिलं, आणि मनातल्या मनात वाचायला मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या शिव्या सगळ्या गिरणीने ऐकल्या. लोकांना आवडल्या. ‘सडक्या खेकड्या’ ही तर इथे आता चालू झाली आहे, कालच फोरमनने करवतीला घातली.

सर्व संतांच्या सणाआधी परत ये, नाहीतर बोटीवरची तुझी जागा दुसऱ्याला देतो, असं तू लिहिलंस. बाबांच्या मागे तांडेल तू आहेस, जागा कुणाला द्यायची ते तू बघ. पण मी पळून गेलो असं गावभर सांगत फिरू नकोस. बायोनच्या धक्क्यावर ट्यूना उतरवून झाल्यावर मी पाव आणायला गेलो होतो, आणि खरंच पाव आणायलाच गेलो होतो. पाव मिळाला, चांगला होता. दुकानदारीण म्हणाली, ह्याहून चांगला पुढच्या गावात मिळतो. पुढच्या गावात म्हणाले, त्याच्याही पुढे. असं करत करत मी पाइनच्या जंगलात शिरलो आणि मोंताराकला आलो. ह्याच्यापुढे चांगला पाव नाही, तेव्हा थांबलो.

इथला पाव ऑगस्त लूबेर भाजतात. सगळे त्यांना मालक म्हणतात, भट्टी आणि एक म्हातारी कुत्री सोडली तर त्यांच्या मालकीचं काही नाही तरी. पहिल्या दिवशी मी दुकानात गेलो तर त्यांनी माझं तोंड पाहिलंच नाही. मान पाहिली. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि मागून पाहिली, आपण बाजारात गोऱ्हा बघतो तशी. त्यांचे कान बघितलेस तर वाटेल कुणीतरी चावून परत जागेवर चिकटवलेत. मला म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी चर्चमागच्या मैदानावर ये. मी विचारलं कशाला. म्हणाले, मानेचं काम आहे.

गेलो होतो. नुसता बघायला.

अक्षर वाकडं आलंय कारण बोट फळीखाली सापडलं. सोलांजने पट्टी बांधून दिली. सोलांज म्हणजे मालकांची मुलगी, दुकानात पाव देते ती. तिचा इथे काही विषय नाही, पट्टीचा विषय निघाला म्हणून लिहिलं.

अजून थोडे दिवस आहे मी इथे.

तांगी


२२ सप्टेंबर

दादा,

बोट फळीखाली सापडलं नव्हतं. दारिग्राँ नावाच्या गड्याच्या बुटाखाली सापडलं होतं. आईला सांगू नकोस.

तुझं दुसरं पत्र मी गिरणीच्या मागे जाऊन वाचलं, तरी तिघे ऐकायला आलेच. तू विचारतोस, फुटबॉल आपल्याकडे नाही का, की त्यासाठी जंगलात जाऊन राहायला हवं? हा फुटबॉल नाही, दादा. हे रग्बी आहे. ह्यांचा चेंडू अंड्यासारखा. हातात घेऊन पळायचं, पण पुढे फेकायचा नाही, मागच्याला द्यायचा. पलीकडच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवायचा. टेकला तर गुण, नुसता छातीशी धरून नाचलास तर शून्य. आणि मधूनमधून रेटा. आठ आमचे आणि आठ त्यांचे तीन रांगांत एकमेकांना मिठ्या मारतात, डोकी खाली घालतात आणि ढकलतात. पहिल्या रांगेतले तिघे समोरच्या तिघांच्या खांद्याला खांदा आणि कानाला कान लावून उभे असतात. दारिग्राँ त्यातला मधला. त्याच्या डावीकडे मी.

तिथून काय दिसतं विचारशील तर काहीही दिसत नाही. समोरच्याच्या बगलेचा आणि दुपारच्या कांद्याचा वास येतो. पण मागचे पाच जण एकदम श्वास सोडतात आणि पाय रोवतात ना, तेव्हा जाळं गच्च भरून येताना सगळी बोट एका दमात दोर खेचते तसं वाटतं. फरक एवढाच की इथे मासेसुद्धा तुला खेचत असतात.

मालक ह्याच जागेवर खेळायचे. आमच्यासारखे नाही, फ्रान्सकडून. लढाई संपल्यावर पहिल्यांदा कार्डिफला गेले ते बापाने शिवलेल्या बुटांत. बाप पाइनचा चीक काढणारा. समोर वेल्सचा एक कोळसा खाणीतला गडी होता. पहिल्या रेट्यात त्याने मालकांचा कान चावला, दुसऱ्या रेट्यात मालकांनी त्याची फासळी चेपली, आणि रात्री जेवायला दोघे शेजारी बसले. मालकांची बशी केव्हाच रिकामी झालेली पाहून त्याने आपले बटाटे त्यांच्या बशीत सरकवले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. अजून दर नाताळाला इथून बदकाच्या काळजाचा डबा त्या खाणगावात जातो आणि तिकडून चहा येतो. तो चहा इथे कुणी पीत नाही, पण दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर मांडलेला असतो. डब्लिनला, लंडनला, सगळीकडे खेळून आले. विचारलं की तिकडच्या पावाबद्दलच सांगतात. नावं ठेवतात.

गुडघा गेला तेव्हा बोर्दोच्या एका मोठ्या क्लबने त्यांना शिकवायला बोलावलं. राहायला घर दिलं, आत न्हाणीघर असलेलं. संघ जिंकायला लागला. मग ऑक्टोबर आला. एका सकाळी सराव चालू असताना मैदानावरून रानपारव्यांचा थवा दक्षिणेकडे गेला. मालकांनी मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला, शिटी वाजवली, खेळाडूंना आंघोळीला पाठवलं आणि गळ्यात शिटी तशीच ठेवून गावची गाडी पकडली. घरातली भांडी ओदेतबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मागाहून आणली. गावात म्हणतात ते बोर्दोवाले अजून आंघोळच करतायत.

तेव्हापासून इथेच शिकवतात. आम्हाला पहाटे भट्टीवर बोलावून कणीक मळायला लावतात. म्हणतात, मनगटाने नको, पोटाने रेट, आणि शेजारच्याबरोबर रेट. पाव चांगला झाला तर रविवारी रेटाही चांगला होतो असं त्यांचं म्हणणं आहे. फुकटात मळून घेतात असं दारिग्राँचं म्हणणं आहे.

आता कामाचं लिहितो. गेल्या वर्षी मोंताराकने दोनदा माणसं पुरी पडली नाहीत म्हणून सामना सोडला. आता जिल्ह्याच्या कमिटीने कळवलंय की २० ऑक्टोबरला वियेलादविरुद्ध पंधरा माणसं उभी राहिली नाहीत तर मोंताराकचं नाव कायमचं काढून टाकू. नाव गेलं की पंचायत मैदान मक्याला देणार, आणि ज्याला खेळायची हौस असेल त्याने नदीपलीकडे वियेलादकडून खेळायचं. दारिग्राँ म्हणतो त्यापेक्षा मी पॅरिसला जाऊन नाच शिकेन.

मालकांच्या मोजणीत चौदा भरतात. पंधरावा मी आहे. तेव्हा वीस तारखेपर्यंत मी हलत नाही. पुढचं पुढे बघू.

तांगी


६ ऑक्टोबर

दादा,

‘कानाला धरून नेतो’ असं तू लिहिलंस. खुशाल ये. आधीच सांगून ठेवतो, डावा कान आता धरण्यासारखा राहिलेला नाही.

इथे एक नवीनच भानगड झाली आहे, आणि त्यात माझा हात नाही, हे आवर्जून लिहितो कारण तुला तसंच वाटेल.

ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून रानपारवे येतात आणि हे जंगल ओलांडून डोंगरापलीकडे स्पेनला जातात. एवढंच. पण इथल्या माणसांना त्याचं वेड लागतं, खरोखरचं वेड. जंगलात ह्यांची लपणं आहेत, नेच्याच्या पानांनी शाकारलेली, आत लांबच लांब बोगदे, चूल, खाट, दारू. झाडांच्या शेंड्यांवर पाळीव पारवे बसवलेले असतात, डोळ्यांवर टोपडी घालून. खाली माणूस दोऱ्या धरून बसतो. दोरी ओढली की वरचा पारवा पंख फडफडवतो, जाणारा थवा त्याला बघून उतरतो, आणि मग जाळी. दोरी कधी ओढायची हे बापाने मुलाला शिकवायचं असतं. त्या दोन आठवड्यांत इथे लग्न होत नाही. मयताला जाणारे मागच्या रांगेत उभे राहतात, म्हणजे आकाश दिसतं.

गेल्या वर्षी दोनदा माणसं का पुरी पडली नाहीत ते आता मला कळलं.

तू म्हणशील मग नेमका वीस ऑक्टोबरला सामना कुणी ठेवला. ह्यांनीच. जूनमध्ये कमिटीने दोन्ही गावांना विचारलं, सगळी माणसं हजर असतील अशी तारीख तुम्हीच सांगा. मालक आणि वियेलादचा कप्तान काझो, दोघे पुलावर भेटले. इतर वेळी हे दोघे बोलत नाहीत. दोघांनी विचार केला आणि एकदम एकच रविवार सांगितला. कारण त्या आठवड्यात कुणी बाहेरगावी जात नाही. बोर्दोला कामाला असलेलेसुद्धा रजा घेऊन गावात येतात. सगळे हजर असतात, अगदी सगळे. कशासाठी हजर असतात हे पुलावर दोघांच्याही डोक्यात आलं नाही, इतकं ते त्यांना अंगवळणी आहे. हस्तांदोलन केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं वियेलादशी पटलं म्हणून मालक खुशीत घरी आले. ओदेतबाईंनी तारीख ऐकली आणि हातातली परात खाली ठेवली. म्हणाल्या, “ऑगस्त, तुझे कान चावले तेव्हा आत आणखी काही चावलं होतं का रे?”

तारीख आता बदलत नाही. गिरणीत सगळे एक डोळा वर ठेवून काम करतात. आपल्या मुलखावरून इथे मला ब्रेतॉन म्हणतात. मालक मला म्हणाले, “ब्रेतॉन, तुला पारव्यांचं काही नाही ना?” मी म्हटलं आमच्याकडे नुसते समुद्रपक्षी, ते डोक्यावर घाण करतात. त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, गावात एक तरी माणूस शहाणा आहे.

सोलांज म्हणते ते माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं असेल. तुझी तिची ओळख नाही तरी तुमचं मत जुळतं.

तांगी


१६ ऑक्टोबर

दादा,

तू शनिवारी निघून रविवारी पोचतोस असं लिहिलंस. सोमवारी ये. मी हात जोडून सांगतोय. रविवारी मला कुणी हात लावला तर आम्ही चौदा राहू.

वारा फिरला आहे. ईशान्येचा, कोरडा, आकाश धुतल्यासारखं. इथे ह्याला सणाचा वारा म्हणतात आणि मालक त्याला ‘माझ्या मरणाचा वारा’ म्हणतात. ते तीन दिवस लपणांतून हिंडतायत, मीही बरोबर असतो. लपणाजवळ जाताना लांबून शीळ घालायची आणि आतून शीळ आली तरच पुढे व्हायचं, नाहीतर थवा उठवलास म्हणून बंदूक घेऊनच बाहेर येतात. फ्रान्सकडून खेळलेला माणूस नेच्यात गुडघ्यावर बसून शीळ घालतोय आणि आतून दारिग्राँ उत्तरच देत नाहीये, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी आत गेलो. दारिग्राँ म्हणाला, मालक, मी येईन, आईशपथ येईन, पण दोऱ्या कोण धरणार? सगळ्या लपणांत हेच. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, वियेलादविरुद्धचा सामना आम्ही दोऱ्या धरून चुकवू? मालक बाहेर ओंडक्यावर बसले. मी त्यांना असं बसलेलं आधी पाहिलं नव्हतं. पीठ लागलेल्या हातांकडे बघत म्हणाले, मैदान माझ्या बापाने आणि त्याच्या सोबत्यांनी झाडं तोडून केलं, आणि मी ते मक्याला घालवणार, तेही स्वतः तारीख काढून.

काल संध्याकाळी दुकानात सगळे जमले होते. तिथे ओदेतबाई म्हणाल्या, दोऱ्या आम्ही धरतो.

मग सगळे एकदम बोलायला लागले. बायकांच्या साबणाचा वास पाखरांना कळतो. बायका बोलतात. दोरी हा नाजूक प्रकार आहे. ओदेतबाईंनी सगळ्यांचं संपू दिलं. मग म्हणाल्या, “तीस वर्षं तुम्ही लपणात काय करता ते आम्हाला माहीत आहे. खाता, पिता, झोपता, आणि दुपारी उठून एकमेकांना सांगता की थवा उंचावरून गेला. एवढं आम्हालाही जमेल.”

दारिग्राँने परीक्षा घ्यायची ठरवली. आज पहाटे सोलांजला लपणात नेलं, दोरी हातात दिली, आणि थवा आला की मी सांगेन तेव्हा ओढ म्हणाला. थवा आला. तो सांगायच्या आधीच तिने ओढली. दारिग्राँ शिवी द्यायला तोंड उघडतो तोच अख्खा थवा वळून झाडांवर उतरला. त्याने तोंड मिटलं. परत येताना तो फार हळू चालत होता. मला म्हणाला, माझ्या बापाला सांगू नकोस. त्याचा बाप वारला आहे.

म्हणजे ठरलं. रविवारी दुपारी गावातल्या बायका जंगलात आणि पुरुष मैदानावर. आता फक्त सगळे खरंच यायला हवेत. आणि तू सोमवारी.

तांगी


मोंताराक, मंगळवार, २२ ऑक्टोबर

आई,

दादा अजून घरी का पोचला नाही म्हणून तू धक्क्यावर जाऊन बसली असशील. तो ठीक आहे. नाक थोडं सुजलंय. हे पत्र मी तुलाच लिहितोय, कारण तो आला की त्याच्या पद्धतीने सांगेल आणि त्यात तो स्वतः फार कमी असेल.

रविवारी आम्ही दोन वाजता पंधरा होतो. मालक दारात उभे राहून एकेकाच्या खांद्यावर थाप मारत मोजत होते, आणि पंधरावी थाप माझ्या पाठीत इतकी जोरात बसली की मी अजून डाव्या कुशीवर झोपतो. दारिग्राँ माझ्या मिनिटभरच आधी आला होता, नेच्याची पानं केसांत घेऊन. मालक भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले. आम्ही कुणी बघितलं नाही असं दाखवलं.

मग वियेलादची बस आली. काझो उतरला. त्याच्यामागून एकेक करत माणसं उतरली आणि काझो धरून तेराव्यानंतर बसमध्ये कुणीच उरलं नाही. काझो मान वर करेना. जंगलातल्या वळणावर दोघांना लघवीला उतरायचं होतं म्हणे. ते पाइनमध्ये गेले ते गेलेच. आणि दोघेही पहिल्या रांगेतले.

पंच म्हणजे शहरातला औषधांचा दुकानदार, बारीक, कडक माणूस. तो म्हणाला, पहिली रांग नसेल तर रेटा नाही, रेटा नसेल तर सामना नाही. मोंताराकची माणसं पुरी आहेत, तेव्हा मोंताराक जिंकलं असं मी लिहितो.

आई, आमचं नाव वाचलं होतं. न खेळता. पोरांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच श्वासाला अर्धे जण जंगलाच्या रस्त्याला लागले, दारिग्राँ सगळ्यात पुढे. मालक फाटकात आडवे उभे राहिले. म्हणाले, “बाजारातून विकत आणलेला पारवा कधी खाल्ला आहेस का, दारिग्राँ?” दारिग्राँ म्हणाला, नाही, कुणी खात नाही. मालक म्हणाले, “मग परत फिर. मीही खात नाही.”

आणि त्यांनी एप्रन सोडला. पांढऱ्या केसांचा, एक गुडघा वाकत नाही असा माणूस काझोसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला तुमचा एक सदरा दे. काझोच्या डोळ्यांत पाणी आलं. वियेलादचा हिरवा सदरा मालकांच्या पोटावर बसेना, तो दोघांनी ओढून बसवला. तरी एक कमीच होता.

तेवढ्यात मालकांची नजर फाटकापाशी गेली. तिथे दादा उभा होता. बोटीवरचे बूट, हातात पेटी, कपाळावर आठी. सोमवारी ये म्हणून इतकं लिहिलं होतं. मालकांनी त्याची मान पाहिली. मग वळसा घालून मागून पाहिली. मला म्हणाले, “ब्रेतॉन, हा तुझाच आहे ना? आणि आजवर लपवून ठेवलास?”

दादा म्हणाला मी खेळायला आलेलो नाही, मी ह्याला न्यायला आलोय. बोट खोळंबली आहे.

“ने की,” मालक म्हणाले. “तो समोरच्या रेट्यात डावीकडे असतो. तू आमच्याकडून उजवीकडे लाग, बरोबर त्याच्यासमोर येशील. खांद्याला पकड आणि ओढून घेऊन जा. कुणी अडवणार नाही.”

दादाने जरा विचार केला आणि पेटी खाली ठेवली.

पंचाने परवाना मागितला तर काझोने पळालेल्यांपैकी एकाचा पुढे केला. फोटोतला माणूस टक्कल पडलेला आणि मिशीवाला होता. पंचाने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दादाकडे, मग आकाशाकडे, आणि म्हणाला, उपचार लागू पडलेला दिसतोय.

पहिला रेटा झाला. आई, तू आम्हाला लहानपणी एका पांघरुणात झोपवायचीस तेव्हा दादा मला भिंतीशी दाबायचा, अगदी तस्साच दाबत होता. माझ्या कानात म्हणाला, आई रोज तुझं ताट वाढते. मी म्हटलं, मग तूच खात असशील. त्याने आणखी दाबलं. त्याच्या बाजूने मालक वियेलादसाठी ढकलत होते आणि ढकलता ढकलता मला ओरडत होते, पाठ सरळ ठेव, ब्रेतॉन, कंबर खाली. दादालाही तेच सांगत होते. दोन्हीकडच्या रेट्याला एकच माणूस शिकवत होता, आणि हरायचं कुणी ते कळत नव्हतं. एकदा त्यांनी दारिग्राँला अशा काही युक्तीने उचललं की तो हवेत असतानाच म्हणाला, अहो मालक, हे आम्हाला कधी शिकवलं नाहीत. मालक म्हणाले, तू कणीक मळायला वेळेवर आला होतास का?

वियेलादने लाथेने चेंडू खांबांतून काढून तीन गुण घेतले. आमचे शून्य. संपायला थोडाच वेळ राहिला होता. चेंडू पायांच्या गर्दीत कुठेतरी अडकला होता, आम्ही सगळे त्याच्यावर. आणि एकदम सगळं थांबलं.

मला वाटलं पंचाची शिटी झाली. शिटी नव्हती. उत्तरेकडून थवा येत होता. तसा थवा मी आयुष्यात पाहिलेला नाही, आई, चर्चच्या मनोऱ्यापासून नदीपर्यंत निळा, आणि पंखांचा आवाज आपल्या किनाऱ्यावर भरतीचा येतो तसा. लाल सदरे, हिरवे सदरे, काझो, मालक, पंच, कडेचे म्हातारे, सगळ्यांची तोंडं वर आणि उघडी. पंचाने टोपी काढली.

मैदानावर खाली बघणारी माणसं दोनच होती. मी आणि दादा.

मी चेंडूकडे पाहिलं. दादाने मी चेंडूकडे पाहताना पाहिलं. मी तो उचलला आणि पळालो. मागे त्याचे पाय ऐकू येत होते, तुला ठाऊक आहे तो कसा पळतो, बैल सुटल्यासारखा. अर्धं मैदान आम्ही दोघेच. वाटेत दारिग्राँला धक्का लागला तरी त्याने मान खाली केली नाही. रेषेजवळ दादाने माझे पाय धरले आणि आम्ही दोघे पलीकडे जाऊन पडलो, तो वर, मी खाली, चेंडू माझ्या पोटाखाली.

थवा गेला. सगळ्यांनी मोठा श्वास सोडला आणि मग कुठे त्यांना आम्ही दिसलो. पंच धावत आला. त्याने काही पाहिलं नव्हतं. कुणीच नव्हतं. चेंडू टेकला की हवेत राहिला? आमचे म्हणाले टेकला, वियेलादचे म्हणाले शक्यच नाही, आणि दोन्हीकडचे शपथेवर बोलत होते. पंचाने हात वर केला आणि दादाला म्हणाला, “तू वियेलादचा. तू वर होतास. टेकला का?”

दादा माझ्या पाठीवरून उठला नव्हता. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. नाही म्हटलं असतं तर आम्ही हरलो असतो आणि मी त्याच रात्री त्याच्या पेटीशेजारी गाडीत बसलो असतो, हरलास तर आजच निघायचं, असं त्याने मध्यंतरात मला बजावलंही होतं.

“टेकला,” तो म्हणाला. “माझ्या भावाने टेकवला.”

तीन-तीन. टेकवल्यानंतर चेंडू खांबांतून मारला की मिळतात ते वरचे दोन गुण मिळाले असते, पण लाथ मारणारा पोरगा अजून दक्षिणेकडेच बघत होता, त्याने चेंडू चर्चच्या अंगणात मारला. पंचाने बरोबरी लिहिली, पंधरा विरुद्ध पंधरा लिहिलं आणि सही केली. मालक हिरव्या सदऱ्यातच मैदानाच्या मधोमध बसले. काझो त्यांच्या शेजारी बसला. दोघे बराच वेळ पुढच्या वर्षाची तारीख ठरवत होते आणि ओदेतबाई येऊन पोचेपर्यंत पुन्हा तोच रविवार ठरला होता.

बायका जंगलातून आल्या त्या गाणी म्हणत आल्या. त्यांनी काय आणलं ते लिहीत नाही, पुरुषांनी मला बजावलं आहे. एवढंच सांगतो की जेवायला दोन्ही गावं होती, पळालेले ते दोघे वियेलादवालेही वासाने आले, आणि सगळ्यांना पुरून उरलं. दादा सोलांजच्या शेजारी बसला होता. तिला म्हणाला, हा लहानपणी कसा होता ते तुला सांगतो, आणि आई, त्याने खरंच सगळं सांगितलं. ती अजून बोलते माझ्याशी. ती कोण ते तो तुला सांगेलच, किंवा तू ही चारही पत्रं त्याच्याकडून मागून घे.

जेवण झाल्यावर त्याने मला भट्टीमागे नेलं. मला वाटलं आता मार पडणार. म्हणाला, तू राहा. उन्हाळ्यात ट्यूनाच्या वेळी मी बायोनला बोट लावतो, तेव्हा दोन आठवडे येऊन हात लाव. आईचं मी बघतो, तिला मी समजावतो. मी म्हटलं बरं. एवढंच बोललो, दोघांचीही नाकं वाहत होती आणि त्याला खेळाचं निमित्त होतं.

तेव्हा तुला समजवायला तो सोमवारी सकाळच्या गाडीने निघणार होता. मी पेटी घेऊन स्टेशनवर गेलो. तो आला नाही. दारिग्राँने पहाटे त्याला म्हटलं होतं, जायच्या आधी पाच मिनिटं एकदा दोरी धरून तर बघ. मी दुपारी डबा घेऊन गेलो तर तो आत नेच्यावर पालथा पडून फटीतून बघत होता, दाढी वाढलेली, आणि मला हातानेच सांगितलं, डबा तिथे ठेव आणि जा. आज मंगळवार आहे. मघाशी पुन्हा जाऊन आलो. बुधवारी नक्की निघतो म्हणाला. दारिग्राँ हसला.

बोटीवरच्यांनी विचारलं तर सांग, तांडेल वाऱ्यासाठी थांबला आहे. खोटं नाही ते. वारा अजून ईशान्येचाच आहे, आणि इथे कुणालाच तो पडायला नको आहे.

तुझा,
तांगी